काखेत गाठ, गावाला वळसा

बस. वाण नंतर दे. आधी ते दार लोटून घे आणि माझ्यासमोर बस.

हळदीकुंकवाच्या बायका उठून गेल्यावर, एक पाय चपलेत सरकवून, उंबऱ्याकडे बघत तू जे पुटपुटलीस ते मला नीट ऐकू आलं आहे. ‘बाई, काखेत जरा गाठ लागतेय. पण दुखत नाही.’ आणि लगेच, ‘येते हं.’ चौतीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी. पोरं सगळ्यात मोठी गोष्ट घंटा झाल्यावर, दप्तर खांद्याला अडकवून, दारातून जाता जाता सांगतात. तशी सांगितलीस तू. म्हणून तुला असं जाऊ देणार नाही.

कधीपासून म्हणालीस? नरकचतुर्दशीपासून. पहाटे अंगाला तेल लावत होतीस, तेलकट बोटं काखेतून घसरत होती आणि एका जागी अडली. तेव्हा हरभऱ्याएवढी होती. आता चिंचोक्याएवढी आहे. हे माझे शब्द नाहीत, तुझे आहेत. आज रथसप्तमी. मधे दिवाळी सरली, येळवस झाली, संक्रांत झाली. तीन महिने उलटले. हरभऱ्याचा चिंचोका होताना तू रोज अंघोळीला चाचपून बघत होतीस आणि पदर सारखा करून कामाला लागत होतीस.

सांगितलंस कुणाला? सासूला. ती म्हणाली, ‘काखमांजरी असेल, कांदा भाजून हळद घालून बांध.’ बांधलास. आठ दिवस बांधलास. काखमांजरी लाल होते, ठणकते, पिकते, फुटते आणि बसते. ही पिकली का? ठणकली का? नाही ना? मग आठव्या दिवशी पोटीस सोडताना तुला प्रश्न पडायला हवा होता. सासूबाईंना मी दोष देणार नाही. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. तू शिकलेली आहेस.

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण तुला पाचवीत मी शिकवली. वाक्यात उपयोग करायला सांगितला होता. आता तू जगून दाखवतेस. अंगणवाडी सेविका आहेस तू. गावातल्या प्रत्येक पोराचं वजन, उंची तुझ्या रजिस्टरात आहे. पट्टी घेऊन तू दंडघेर मोजतेस. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, पट्टी लाल रंगावर थांबली, की त्या पोराच्या आईला तू झोपू देत नाहीस. मागच्या वर्षी एक बाप ऐकत नव्हता, तर त्याच्या शेतात जाऊन उभी राहिलीस. मला कळलं तेव्हा ऊर भरून आला होता माझा. आणि तीच तू, परक्या पोरांचे दंड मोजून घरी येतेस आणि स्वतःच्या दंडाच्या वर चार बोटांवर काय वाढतंय ते झाकून ठेवतेस.

घरी म्हैस आहे तुझी. रोज पहाटे धार काढायच्या आधी तू कासेवरून हात फिरवतेस. सड कडक लागला, दुधात गाठी दिसल्या, की दगडी होईल म्हणून त्याच दिवशी डॉक्टरला फोन करतेस. त्याला म्हणतेस का, ‘दिवाळी होऊ दे, संक्रांत होऊ दे, मग बघू’? म्हशीला एक नियम आणि तुला दुसरा, हे कुठल्या शाळेत शिकलीस? माझ्या तर नाही.

आठवीचा धडा आठव. लसिकाग्रंथी कुठे कुठे असतात, असं मी विचारलं होतं आणि तू उभी राहून म्हणाली होतीस, ‘मान, काख, जांघ.’ पुढे मी विचारलं, कशाला असतात? तेव्हा तू गप्प झालीस, आणि मी तुझ्याच पायावर धडा शिकवला होता. त्या आठवड्यात तुझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, तू लंगडत होतीस आणि जांघेत अवधाण आलं होतं. मी फळ्यावर गाव काढलं, गावाला वेस काढली, वेशीवर जागल्या उभा केला. म्हटलं, काटा गावाबाहेर घुसला, पण ओरडतोय वेशीवरचा जागल्या. अवधाण म्हणजे तो ओरडा. काटा काढला, आठ दिवसांत अवधाण बसलं. आता सांग, काखेच्या वेशीवरचा जागल्या तीन महिने उभा आहे. काटा कुठे आहे? शोधलास का?

काखेच्या वेशीत कोणकोणत्या वाटा येतात तेही ऐक, कारण तेव्हा आठवीच्या मुलींना हे मोकळेपणानं सांगायची हिंमत मला झाली नव्हती. तो माझा दोष. एकेका काखेत वीस-तीस लसिकाग्रंथी असतात. हाताची बोटं, अख्खा हात, खांदा, छातीची आणि पाठीची वरची बाजू, यांतलं लसिकाद्रव तिथून गाळून पुढे जातं. आणि स्तनातलं? चारातले तीन हिस्से काखेकडेच जातात. शिवाय स्तन तू समजतेस तिथे संपत नाही. त्याचा एक निमुळता भाग, शेपटीसारखा, वर काखेपर्यंत आलेला असतो.

तुमच्या आशाताईनं तिशीपुढच्या बायकांचा फॉर्म भरताना तुला विचारलं असेलच, स्तनात गाठ आहे का? तो प्रश्न त्या फॉर्मवर छापलेलाच आहे. बघ, मान खाली घातलीस. ‘नाही’ म्हणालीस ना? मनाशी म्हणालीस, गाठ स्तनात थोडीच आहे, काखेत आहे. असली चलाखी परीक्षेत केली असतीस तर मी पेपर काढून घेतला असता.

रडू नकोस. मी अजून वाईट काही बोललेले नाही, आणि गाठ म्हणजे कॅन्सर असंही म्हणत नाही. काखेत गाठ येते त्यातल्या बहुतेक साध्या निघतात. केसतोड असते, घामाच्या जागी होणारं गळू असतं, कातडीखालची चरबीची गाठ असते. बोटाला कापलं, नखुरडं झालं, मांजरानं ओरबाडलं, तरी काखेत गाठ येते. दंडावर लस टोचली तरी येते. करोनाच्या लशीनंतर कितीतरी जणांना आली आणि गेली. तान्ह्या बाळाला डाव्या दंडावर बीसीजी देतात, तेव्हा त्याच्या डाव्या काखेत कधी बारीक गाठ येते, हे तू आयांना सांगतच असशील. आणि आपल्या देशात क्षयाची गाठ असते. खोकला नाही, थुंकी नाही, नुसती गाठ. तीही औषधांनी बरी होते, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

आणि या यादीत कॅन्सरही आहे. स्तनाचा आहे, लसिकाग्रंथींचा स्वतःचा आहे. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरांमध्ये स्तनाचा पहिला आहे. २०२२ या एका वर्षाचा अंदाज सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा होता. यादीतलं ते एक नाव गाळून बाकीची वाचायची, याला अभ्यास म्हणत नाहीत.

यातली तुझी कोणती? तुला माहीत नाही. मला माहीत नाही. तुझ्या सासूला माहीत नाही. मी आत्ता तुझ्या काखेत हात घालून चाचपू शकते. ओठासारखी मऊ आहे, की नाकाच्या शेंड्यासारखी चिवट आहे, की कपाळासारखी टणक आहे, ते सांगू शकते. बोटाखाली हलते की आत चिकटून बसली आहे, तेही कळेल. पण एवढ्यानं तपासायची घाई किती, इतकंच कळतं. गाठ कसली आहे ते कळत नाही. अंदाजाला निदान म्हणायचं नाही. विज्ञानाच्या तासाला मी दुसरं काही शिकवलं नसेल, पण एवढं शिकवलं होतं.

आता ते तुझं लाडकं वाक्य घेऊ. ‘दुखत नाही.’ तुला वाटतं ही चांगली खूण आहे. अगं, सूज आली, पू झाला, जंतूंशी झगडा चालू असला की दुखतं. म्हणून दुखणारी गाठ बहुतेक वेळा साधी असते, आणि ती माणसाला गप्प बसू देत नाही, दवाखान्यात नेतेच. न दुखणारी, टणक, हळूहळू वाढणारी, जागची न हलणारी, दोन-तीन आठवड्यांत न बसणारी, ती आधी दाखवायची. तू नेमकी उलटी पाटी वाचलीस. ‘दुखत नाही म्हणून गेले नाही’ हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं आहे, आणि तेव्हा मी मान डोलावली होती. ते तुला सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या शाळेत शिवणाच्या बाई होत्या. तू शाळेत यायच्या आधीची गोष्ट. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. एक दिवस मधल्या सुट्टीत टीचर्सरूममध्ये मशीनशी बसून स्वतःचंच ब्लाऊज उसवत होत्या. मी म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, ‘उजवा मुंढा घट्ट होतोय. अर्धा इंच ढील देते.’ मी हसून म्हटलं, जाड झालात. त्या म्हणाल्या, ‘जाड झाले असते तर दोन्ही मुंढे घट्ट झाले असते.’ आणि मग हळूच, ‘गाठ आहे गं एक. पण दुखत नाही.’ मी विज्ञानाची बाई. मी म्हटलं, ‘केसतोड असेल. गरम पाण्यानं शेका.’ एवढं बोलून मी घंटा झाली म्हणून वर्गावर गेले.

त्यांनी शेकलं. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं म्हणून भरवशानं शेकलं. सात महिन्यांनी हात सुजला, तेव्हा दवाखान्यात गेल्या. पुढच्या वर्षीच्या श्रावणात त्या गेल्या. वेळेवर गेल्या असत्या तर वाचल्याच असत्या, असं मी म्हणणार नाही, ते कुणाला सांगता येत नाही. पण त्यांचे सात महिने मी घालवले, हे सांगता येतं. माप घेणारी बाई होती ती. शरीरानं अर्धा इंच फरक दाखवला, तो तिला बरोबर कळला. आणि तिनं काय केलं? शिलाई उसवून गाठीला जागा करून दिली. तू वेगळं काय करते आहेस? तूही तीन महिने जागाच करून देते आहेस. म्हणून आज माझा आवाज चढला आहे. तुझ्यावर जेवढा, तेवढाच त्या मधल्या सुट्टीतल्या माझ्यावर.

आता तुझी कारणं काढ एकेक. गृहपाठ न करणाऱ्यांची कारणं ऐकायची मला सवय आहे.

वेळ नाही? पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी करायच्यात, सुपरवायझर येणार आहे, तूर काढायची आहे. एक दिवसाची रजा काढली तर अंगणवाडी ओस पडत नाही, मदतनीस आहे तुझी. आणि तू आजारी पडलीस तर नोंदी कोण करणार, याचा विचार केलास?

पैसे नाहीत? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. वर्षाला घरटी पाच लाखांपर्यंतचे उपचार, कॅन्सरचेसुद्धा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्यापुढे उभं राहायचं. गावातल्या किती बायकांना हे तू स्वतः समजावून सांगितलं आहेस? तेव्हा हे कारण तुझ्या तोंडी शोभत नाही. पुढचं सांग.

लाज वाटते. पुरुष डॉक्टर असला तर? ऐक. १८८३ साली अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली ती नेमकी यासाठी. आपल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत आणि लाजेपायी मरतात, हे तिला दिसत होतं. १८८६ साली डॉक्टर झाली, १८८७ साली बावीस वर्षांची व्हायच्या आत क्षयानं गेली. तिनं तेवढं केलं, आणि सव्वाशेहून जास्त वर्षांनी तू तीच लाज कुरवाळत बसली आहेस? आज बाई डॉक्टर मिळते. नाही मिळाली तर तपासताना नर्स किंवा सोबतीची बाई शेजारी हवी, असं स्पष्ट सांगायचं. तो तुझा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

सुई लावली की पसरतं? हे कुणी सांगितलं? चुलत नणंदेच्या जावेला सुई लावली आणि सहा महिन्यांत गेली? अगं, ती सुईनं गेली नाही. ती उशिरा गेली म्हणून सुई उशिरा लागली. आधी रोग पसरला होता, सुईनं तो नुसता दाखवला. शेवटी जो आला त्याच्या नावावर खापर फोडायची आपल्याला खोड आहे. गाठीतल्या पेशी काढायची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक असते. तेवढ्यानं भागलं नाही तर जागा बधिर करून थोडी जाड सुई घालतात आणि तुकडा काढतात. या तपासणीमुळे रोग्याचं आयुष्य कमी होतं, असं नाही. उलट, तिच्याशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर उपचार सुरू करत नाही. या सुईच्या भीतीनं जेवढ्या बायका आपल्या भागात घरी बसल्या असतील, त्यांची गणती कुणी करत नाही.

आता खरं कारण सांग. मला माहीत आहे, पण तुझ्या तोंडून येऊ दे. हं. लेकीचं लग्न बघताय. ‘आईला तसलं काही आहे म्हटलं तर स्थळ मोडेल. त्या कॅन्सरच्या दवाखान्याच्या दारात कुणी पाहिलं तर गावभर होईल.’ बोललीस एकदाची. तर ऐक. स्तनाच्या कॅन्सरमधले शंभरात पाच-दहाच आईबापांकडून येणाऱ्या दोषामुळे होतात. बाकीच्यांतल्या बहुतेकांचा घराण्याशी संबंध नसतो. आणि समजा स्थळ मोडलं, तर मोडू दे. आईनं दवाखान्यात जाणं ज्यांना खपत नाही, त्या घरात उद्या तुझ्या लेकीला गाठ आली तर तिला कोण नेणार आहे? तू लेकीसाठी गप्प बसलीस असं समजतेस. प्रत्यक्षात गप्प कसं बसायचं ते तिला शिकवते आहेस.

आणि आपण राहतो कुठे, हे तरी ध्यानात घे. बार्शी तालुक्यात. १९८७ साली भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी या आपल्या बार्शीत सुरू झाली. माणसं बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या खेड्याखेड्यांत फिरली. कुणाला कॅन्सर झाला ते नोंदवायचं, एवढंच नाही. पारावर, शाळेत, चावडीत बसून लोकांना लक्षणं सांगायची, असं दिसलं तर दवाखान्यात या म्हणायचं. थोड्याच वर्षांत दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. नवं यंत्र आणलं नव्हतं, नवं औषध नव्हतं. नुसतं सांगितलं आणि बायकांनी ऐकलं. जगाला ही गोष्ट आपल्या खेड्यांतल्या बायकांनी शिकवली. आणि तू त्याच मातीतली, सरकारनं सांगायच्या कामावर नेमलेली, तुला मी हळदीकुंकवाच्या दिवशी ओरडून सांगायला हवं?

मुंबईचंही सांगते. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाच्या वर बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन हातानं स्तन तपासत. वीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तुझ्यासारख्याच बायकांच्या बोटांनी हे झालं. आणि त्या बायकांना तर काही तक्रारही नव्हती. तुला तक्रार आहे, तुझ्या बोटाला ती तीन महिने लागते आहे, आणि तू दार लावून बसली आहेस.

आता वही काढ आणि लिहून घे. हो, पिशवीतली. अंगणवाडीची असली तरी चालेल, मागच्या पानावर लिही.

दवाखान्यात विचारतील: गाठ कधीपासून, केवढी होती, केवढी झाली. संध्याकाळचा ताप येतो का, रात्री घाम फुटतो का, वजन उतरलं का. हाताला जखम, लस, मांजराचं ओरबाडणं. घरात कुणाला क्षय. आई, बहीण, मावशी, आत्या यांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर. पाळी कधी आली होती. ही उत्तरं घरून लिहून न्यायची. तिथे गेल्यावर तुला आठवणार नाही, आणि तू सगळ्याला ‘नाही’ म्हणशील.

मग डॉक्टर दोन्ही काखा बघतील, मान, गळ्याच्या हाडावरची खोलगट जागा, आणि दोन्ही स्तन. फक्त काख दाखवून उठायचं नाही. स्तनावर खळी पडली आहे का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे का, बोंड आत ओढलं आहे का, त्यातून रक्त येतं का, हे तूही आज रात्री आरशासमोर बघ. काख चाचपताना हात वर करू नकोस, खाली सैल सोड. वर केला की स्नायू ताणतो आणि आतलं हाताला लागत नाही. मग सोनोग्राफी होईल, तुझ्या वयाला मॅमोग्राफीही सांगतील. तिथे स्तन दोन प्लेटांमध्ये काही सेकंद दाबतात, जरा दुखतं. तू दोन बाळंतपणं काढली आहेस. आणि मग सुई. क्षयाचा संशय आला तर त्याच सुईतून आलेलं जीनएक्स्पर्ट या क्षयाच्या तपासणीला पाठवतील.

आता अधोरेखित कर. कुणी अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊन ‘बघू’ म्हणालं, तर एकदा घे. दोन आठवड्यांत गाठ बसली नाही, तर दुसऱ्यांदा त्याच गोळ्या घ्यायच्या नाहीत, पुढची तपासणी मागायची. सुईची तपासणी न करता क्षयाची औषधं सुरू करतो असं कुणी म्हणालं, तर ‘आधी तपासणी’ म्हणायचं. कुणी गाठ कापून काढली, तर ती तपासायला पाठवायलाच लावायची. ‘साधी दिसत होती, टाकून दिली’ हे उत्तर मान्य करायचं नाही. दिसण्यावर मार्क नसतात. आणि प्रत्येक रिपोर्टचा कागद आपल्या हातात, आपल्या फायलीत.

आणि समजा, वाईटच निघालं. बोल ना, तेच तर बोलत नाहीस. समजा स्तनातलाच कॅन्सर काखेपर्यंत आला असेल. तर काखेपर्यंत आला म्हणजे संपलं, असं नाही. स्तन आणि काख एवढ्यात असलेला कॅन्सर डॉक्टर बरा करायच्या हिशेबानंच हातात घेतात. ऑपरेशन, औषधं, किरणं, आणि बरी झालेली बाई पुन्हा कामाला लागते. कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असला की डॉक्टर काखेतली पहिली पहारेकरी गाठ काढून बघतात, पुढे गेलाय की नाही ते तिच्यावरून ठरवतात. म्हणजे जागल्याची साक्ष डॉक्टरसुद्धा सगळ्यात आधी घेतात. फक्त तूच त्याचं ऐकत नव्हतीस.

पुस हे डोळे. मी तुला भित्री म्हणणार नाही. लाल पट्टीवरचं पोर घेऊन रात्री तालुक्याला जाणारी बाई भित्री नसते. तुला भीती आहे ती फक्त स्वतःसाठी काही मागायची. नवऱ्याकडे एक दिवस मागायची, घरात ‘मला बरं नाही’ म्हणायची. ती आज रात्री जेवताना मोडायची. नवऱ्याला सांगायचं, माझ्या नावानं सांगायचं तर सांग: बाईंनी बोलावलंय. लेकीसमोर सांगायचं, तिला बाहेर पाठवून नाही.

उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. परवा नाही, तूर निघाल्यावर नाही. वैरागकडच्या गाड्या लागतात तिथे मी साडेआठला स्टँडवर उभी असेन. डबा आणू नकोस, भाकरी आणि शेंगाचटणी मी घेते. रेशनकार्ड, आधार आणि ती वही घेऊन ये. काखेत पावडर लावू नकोस, मॅमोग्राफीत ती दिसते.

आणि पुढून हुकांचं, सैल मुंढ्याचं ब्लाऊज घाल. डॉक्टरला नीट दाखवता येईल असं.

दे आता ते वाण.